नवाहो इनले दागिन्यांचा संग्रह : खड्याभोवती की कारागिराभोवती?

गोदाकाठ (टेंपी, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात राहणाऱ्या किंवा तिकडे फिरून आलेल्या मराठी घरांत नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या कारागिरांनी घडवलेला चांदीचा एखादा दागिना बऱ्याचदा आढळतो. मला त्यांच्या कामाच्या एकाच शाखेविषयी चर्चा हवी आहे, ती म्हणजे इनले. चांदीचे घर तयार करून त्यात फिरोजा, पोवळे, जेट (कोळशाच्या जातीचा काळा दगड), लॅपिस (गडद निळा दगड), शिंपला यांचे तासलेले तुकडे एकमेकांना भिडवून बसवायचे आणि सगळा पृष्ठभाग बोटाला एकसंध लागेपर्यंत घासायचा, असे हे काम असते. कोंदणात एकच मोठा खडा बसवलेली अंगठी सुंदर दिसतेच, पण इनलेसाठी चांदीची आणि दगडाची अशा दोन्ही विद्या अवगत असाव्या लागतात, म्हणून माझा ओढा या कामाकडे अधिक आहे.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे थोडी कडी, अंगठ्या आणि पदके जमली आहेत. यापुढे जे घ्यायचे ते विचारपूर्वक घ्यावे आणि त्याला संग्रहाचे रूप यावे, अशी इच्छा आहे. प्रश्न असा की, संग्रह कशाभोवती उभा करावा? माझे मत सध्या खड्याच्या बाजूने आहे. ॲरिझोनातील ग्लोब गावाजवळच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीतून फिरोजा काढणे २०१२ मध्ये थांबले. त्या खाणीचा जाळी (दगडातल्या काळ्या-तपकिरी रेषा) नसलेला, स्वच्छ आकाशी खडा इनलेसाठी फार सोयीचा होता, कारण त्याचे कितीही तुकडे केले तरी रंगात फरक पडत नसे. कारागीर पुढच्या पिढीतही तयार होतील, हा माल मात्र पुन्हा निघेल असे दिसत नाही. तेव्हा खाणीनुसार संग्रह करणे अधिक शहाणपणाचे नाही का? जाणकारांनी, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही, सविस्तर लिहावे.

पश्चिमवारा (अल्बुकर्की, न्यू मेक्सिको)

गोदाकाठ, विषय उत्तम मांडलात, पण निष्कर्ष मला मान्य नाही. खड्याभोवती संग्रह करायचा असेल तर सुटे खडे जमवावेत. इनलेमध्ये खडा हे साधन आहे आणि त्याला अर्थ येतो तो जुळवणाऱ्या हातामुळे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरच माझे मत आधारलेले आहे. नवाहो लोक धातुकाम शिकले ते एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकन कारागिरांकडून, आणि त्यात आत्सिदी सानी यांचे नाव पहिले घेतले जाते. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नवाहोंना त्यांच्या भूमीतून पायी हाकलत नेले आणि १८६८ पर्यंत बोस्के रेदोंदो येथे डांबून ठेवले. तिथून परतल्यानंतरच्या काळात चांदीकाम जोमाने वाढले आणि १८८०च्या सुमारास चांदीत फिरोजा बसू लागला. तरीही दगड कापून एकमेकांशी जुळवण्याची जुनी परंपरा होती ती झूनी आणि केवा या शेजारच्या प्वेब्लो लोकांची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांदीचे घर नवाहो माणसाने घडवायचे आणि त्यात दगड झूनी माणसाने बसवायचे, अशी कामाची वाटणी व्यापारी अनेकदा करून देत असत. नवाहो कारागिरांनी दोन्ही कामे स्वतःच्या हाती घेतली ती नंतर, आणि ही झेप मोठी आहे.

केनेथ बिगे (१९१३–१९७७) यांनी आयर्नवुड या वाळवंटी झाडाचे कठीण लाकूड चांदीत जडवले आणि नवाहो दागिन्याला आधुनिक, मोकळा घाट दिला. न्यू मेक्सिकोतील गॅलप गावाच्या परिसरातल्या यझी कुटुंबातले ली (जन्म १९४६) आणि रेमंड (जन्म १९५९) हे दोघे भाऊ आज या कामातले अग्रणी मानले जातात. रेमंड यांच्या कड्यांवर पोवळे, फिरोजा, लॅपिस आणि ओपल यांचे असंख्य तुकडे सपाट न बसवता घुमटासारख्या फुगीर पृष्ठावर बसवलेले असतात, आणि तरीही दोन तुकड्यांमध्ये फट दिसत नाही. न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय अमेरिकन इंडियन संग्रहालयात २०१४ पासून या कुटुंबाच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले होते. ते पाहून आलेला माणूस खाणीचे नाव सांगत नाही, कारागिराचे सांगतो.

रानमेवा (ठाणे)

चार्ल्स लोलोमा यांचे नाव राहिले. कड्याच्या आतल्या बाजूला, जिथे ते घालणाऱ्याखेरीज कोणालाही दिसणार नाहीत अशा जागी, खडे जडवण्याची त्यांची कल्पना मला विलक्षण वाटते.

पश्चिमवारा

रानमेवा, लोलोमा (१९२१–१९९१) नवाहो नव्हे, शेजारच्या होपी जमातीचे होते, म्हणून त्यांचा उल्लेख केला नाही. परंतु तुमची सूचना योग्य आहे, कारण वेगवेगळ्या उंचीचे खडे शेजारी शेजारी उभे करण्याची त्यांची रीत नवाहो इनलेतही उतरली. या सीमारेषा माणसांच्या बाबतीत तितक्या ठळक नसतात. जेसी मोनोंग्ये यांचा वारसा नवाहो आणि होपी असा दोन्हीकडचा आहे, आणि अस्वलाच्या आकृतीत रात्रीचे आकाश जडवलेली त्यांची पदके कोणत्या एका खान्यात टाकायची, हा प्रश्न संग्राहकापेक्षा दुकानदारालाच अधिक पडतो.

हुपरीकर (हुपरी, जि. कोल्हापूर)

आमच्या घरात चांदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझा भाचा डॅलसला असतो आणि त्याने आणलेल्या नवाहो वस्तू मी भिंगाखाली नीट पाहिल्या आहेत. खडा की कारागीर, यावर मी बोलणार नाही, पण वस्तू खरोखर हाताने केलेली आहे का, हे चांदीच सांगते, एवढे नक्की लिहीन.

दागिना हातात आला की आधी उलटा करावा. चॅनेल इनलेमध्ये दोन खड्यांच्या मध्ये चांदीच्या पातळ भिंती असतात. हाताने केलेल्या कामात या भिंती म्हणजे पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्या असतात, त्या तळाच्या पत्र्यावर उभ्या करून एकेकीला डाग दिलेला (म्हणजे धातू वितळवून सांधलेला) असतो. कडेच्या उघड्या सांध्यात भिंग लावून पाहिले की डागाची किंचित वेगळ्या छटेची रेषा दिसते, पट्टीच्या जाडीत केसाएवढा फरक सापडतो, कोपऱ्यात करवत थांबल्याची खूण असते. घाऊक ओतीव घरात भिंत आणि तळ एकाच ओतात आलेले असतात, त्यामुळे सांधा नसतो, आतले कोपरे गोलसर असतात, पाठीवर कधी कधी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, आणि त्याच दुकानात त्याच मापाच्या आणखी चार वस्तू तंतोतंत सारख्या निघतात. असे तयार घर विकत आणून त्यात फक्त खडे भरले असतील, तर ते अर्धेच हातकाम झाले.

मात्र ओतीव दिसले की नकली, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तुफा नावाच्या मऊ दगडात स्वतः साचा कोरून ओतण्याची नवाहोंची जुनी आणि अस्सल पद्धत आहे. त्या दगडाचा रवाळ पोत चांदीवर उमटतो आणि तो नजरेला लगेच कळतो.

ताम्हण (बे एरिया, कॅलिफोर्निया)

हुपरीकर, फार मोलाचा प्रतिसाद आहे. दागिना उलटा करून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

मूळ प्रश्नावर माझे मत गोदाकाठ यांच्या बाजूचे आहे, पण एका अटीवर. खडा नैसर्गिक हवा. राळ मुरवलेला फिरोजा कितीही सुबक जुळवलेला असला, तरी माझ्या संग्रहात त्याला जागा नाही. नैसर्गिक फिरोजा घालणाऱ्याच्या त्वचेच्या संपर्काने वर्षानुवर्षे हळूहळू बदलतो, निळ्याचा हिरवटपणाकडे झुकतो, आणि वस्तूचे आयुष्य त्यात दिसते. राळेत बंद झालेला खडा जसा घेतला तसाच राहतो.

भूस्तर (नागपूर)

ताम्हण यांच्या आवडीचा आदर आहे, पण इनलेच्या बाबतीत ही अट न्याय्य नाही, असे मला वाटते.

फिरोजा हे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे, स्फटिकात पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट आहे. चांगल्या प्रतीच्या खड्याची कठीणता खनिजांची कठीणता मोजणाऱ्या १ ते १० च्या मोहस श्रेणीवर ५ ते ६ असते. पण खाणीतून निघणारा बहुतांश माल खडूसारखा मऊ आणि सच्छिद्र असतो, आणि त्यात दाबाखाली पारदर्शक राळ मुरवल्याशिवाय तो कापतासुद्धा येत नाही. यालाच स्टॅबिलाइझ्ड म्हणतात. इनलेचा तुकडा पातळ असतो आणि त्याची प्रत्येक कड शेजारच्या कडेला भिडवायची असते. मऊ खड्याची कड चाकावरच ढासळते. त्यामुळे चांगले कारागीरसुद्धा या कामासाठी राळ मुरवलेला फिरोजा सर्रास वापरतात, आणि विचारले तर तसे सांगतात.

आक्षेप घ्यायचा तो पुढच्या प्रकारांवर घ्यावा. फिरोजाची भुकटी राळेत कालवून तिच्या विटा पाडतात, त्याला रीकन्स्टिट्यूटेड म्हणतात. ब्लॉक नावाने मिळणाऱ्या मालात तर फिरोजाचा कणही नसतो, ती नुसती रंगवलेली राळ असते. हाउलाइट हा पांढरा खनिज दगड निळा रंगवूनही खपवला जातो, आणि तो रंग भेगांमध्ये साचलेला भिंगाखाली दिसतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो कृपया तयार दागिन्यावर कोणीही करू नये. शंका असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत वर्णपटाची चाचणी करून घेता येते. झॅकरी नावाच्या प्रक्रियेत राळ वापरतच नाहीत, त्यामुळे तो खडा साध्या डोळ्यांना नैसर्गिकच वाटतो. म्हणजे 'फक्त नैसर्गिक' ही अट पाळायची म्हटली तरी ती पाळली गेली आहे, याची खात्री प्रयोगशाळेशिवाय देता येत नाही.

ताम्हण

भूस्तर, माहितीबद्दल आभार. माझी अट मी माझ्यापुरती ठेवते. पण एवढे तरी मान्य व्हावे की, राळ मुरवलेल्या खड्याला नैसर्गिक खड्याचे मोल लावणे चूक आहे.

भूस्तर

पूर्णपणे मान्य. खडा कोणता आहे ते सांगितले पाहिजे आणि मोल त्यानुसारच लावले पाहिजे.

वाचस्पती (न्यू जर्सी)

सांगितले पाहिजे, या मुद्द्यावरून कायद्याची बाजू मांडतो.

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या कलांसाठीचे इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड हे सरकारी मंडळ १९३५ मध्ये स्थापन झाले. १९९० च्या कायद्यानुसार, एखादी वस्तू अमेरिकन इंडियन व्यक्तीने किंवा अमुक जमातीने केली आहे असे खोटे भासवून विकणे हा संघराज्याचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही व्यक्तीला कमाल अडीच लाख डॉलर दंड किंवा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि व्यापारी संस्थेला कमाल दहा लाख डॉलर दंड होऊ शकतो. हा कायदा केवळ कागदावर नाही. फिलिपिन्समध्ये करवून घेतलेले दागिने अमेरिकन इंडियन हातकाम म्हणून विकल्याच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत छापे पडले आणि २०१८ मध्ये एका दुकानमालकाला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. या तपासात इनलेचे दागिने मोठ्या प्रमाणावर होते, कारण बारीक जडावकामात मजुरीच सर्वांत महाग असते आणि स्वस्त मजुरीच्या देशात ते काम करून घेण्याचा मोह तिथेच जास्त होतो.

दुसरे म्हणजे, 'नवाहोने केलेले' आणि 'हाताने केलेले' ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. 'हाताने केलेले' असे म्हणण्यासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, पत्रा, तार अशा कच्च्या मालापासून पुढची सगळी घडण, सजावट आणि अंतिम सफाई हातानेच किंवा हाताच्या नियंत्रणातील साधनांनी झालेली असली पाहिजे. हुपरीकर यांनी वर्णन केलेले तयार ओतीव घर नवाहो कारागिराने भरलेले असेल, तर पहिले विधान खरे ठरेल आणि दुसरे खोटे. म्हणून पावतीवर दोन्ही गोष्टी स्वतंत्र लिहून घ्याव्यात, शिवाय कारागिराचे नाव, जमात आणि खड्याचा प्रकारही लिहून घ्यावा. मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात अशी पावती मागितली, तेव्हा विक्रेत्याने तोंडी सर्व काही सांगितले, पण लिहून देण्यास नकार दिला. 'नवाहो शैलीतील' एवढेच तो लिहायला तयार होता. मी ती वस्तू घेतली नाही.

रानमेवा

वाचस्पती, पाठीवरची कारागिराची खूण असली म्हणजे पुरेसे नाही का?

वाचस्पती

पुरावा म्हणून खूण उपयोगी आहे, पण दुय्यम आहे. खूण उमटवण्याचा ठसा कोणीही बनवून घेऊ शकतो. एकाच आडनावाची आणि एकाच आद्याक्षरांची माणसे नवाहो समाजात पुष्कळ आहेत, आणि जुने कारागीर तर खूण करतच नसत. खुणांचा प्रघात सर्वत्र रुळला तो साधारण १९७०च्या दशकात. चांदीवर स्टर्लिंगचा (९२.५ टक्के शुद्ध चांदीचा) शिक्का असणे हे तर फक्त धातूविषयी सांगते.

पश्चिमवारा

जुन्या वस्तूंचा विषय निघालाच आहे, तर 'ओल्ड पॉन' (जुने गहाण) या चिठ्ठीविषयी सावध करतो. ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे नवाहो प्रदेशातल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांत, नवाहो कुटुंबे आपले दागिने गहाण ठेवत, गरज सरली की सोडवून नेत, आणि समारंभापुरते मागून नेण्याचीही सोय असे. न सुटलेला दागिना विक्रीला येई. अशा वस्तूंना खूप मान आहे आणि तो रास्त आहे. परंतु नवाहो इनलेच्या वस्तूवर 'ओल्ड पॉन, १९२०' अशी चिठ्ठी दिसली तर थांबावे. एक तर नवाहो हाताचे इनले त्या काळात प्रचलित नव्हते. दुसरे, तुकडे एपॉक्सी या कृत्रिम राळेच्या गोंदाने बसवलेले असतील तर प्रश्नच मिटला, कारण एपॉक्सी बाजारात आली दुसऱ्या महायुद्धानंतर.

मुक्ता_पुणे (पुणे)

हा धागा वाचून माझी अडचण विचारण्याचा धीर आला. माझ्या नणंदेने फ्लॅगस्टाफहून आणलेली इनलेची अंगठी मला सैल होते. इथल्या सोनाराने 'अर्ध्या तासात लहान करून देतो' असे सांगितले आहे. द्यावी का?

हुपरीकर

मुक्ताताई, कृपया देऊ नका. अंगठी लहान करायची म्हणजे कापून, जोडून डाग द्यायचा. त्या आचेने आतली एपॉक्सी सुटते, फिरोजाचा रंग जातो, पोवळे पांढरे पडून तडकते. आच न देता नुसती दाबून लहान केली तरी वळण बदलते आणि दगडाला दगड भिडवलेला असल्यामुळे तो वाकू शकत नाही, त्यामुळे सांध्यातून फुटतो. आतल्या बाजूने चांदीचे किंवा सिलिकॉनचे छोटे बूच लावून घ्या, अथवा दुसऱ्या बोटात वापरा. हीच गोष्ट कड्याची. इनलेचे कडे मनगटावर चढवताना तोंड फाकवायचे नसते. मनगटाच्या बाजूने एक टोक आधी सरकवायचे आणि मग कडे फिरवून घ्यायचे असते.

आणखी एक सांगतो. सोनाराकडचे अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ, चांदी उजळण्याचे द्रावण आणि आपल्याकडचा रिठा-लिंबाचा उपाय, यांपैकी काहीही या दागिन्याला चालत नाही. पोवळे आणि शिंपला हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे असतात आणि आंबट पदार्थाने त्यांची झिलई जाते. मऊ कोरड्या कापडाने पुसावे आणि पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवावे, एवढे पुरे.

मुक्ता_पुणे

मनापासून आभार, दादा. अंगठी वाचली. बूच लावून घेते.

पश्चिमवारा

आतापर्यंत वस्तूची पाठ आणि पावती यांवर खूप चांगले लिहून झाले. आता समोरची बाजू कशी पाहावी, यावर लिहितो, कारण माझ्या मते संग्राहकाची नजर तिथेच घडते.

गॅलपजवळ राहणाऱ्या एका नवाहो कारागिराच्या घरी मला काम पाहण्याची परवानगी मिळाली होती. खिडकीशी एक छोटे टेबल, त्यावर पाण्याची धार सोडलेले हिऱ्याच्या भुकटीचे चाक, आणि बाजूला मफिनच्या साच्यात रंगांनुसार वेगळे ठेवलेले दगड. तो एक तुकडा चाकाला क्षणभर लावी, अंगठ्याने पाणी पुसून शेजारच्या तुकड्याला भिडवी आणि दोन्ही दिव्यासमोर धरी. सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसली की तुकडा पुन्हा चाकावर. एका पदकाच्या पंखातले एक पीस बसेपर्यंत हे कितीतरी वेळा चालले होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर घाईचे चिन्ह नव्हते. सगळे तुकडे बसल्यावर एपॉक्सी वाळू द्यायची आणि मग संपूर्ण पृष्ठ एकत्र घासायचे.

खरी कसोटी इथे लागते. भूस्तर यांनी फिरोजाची कठीणता ५ ते ६ सांगितली. पोवळे ३ ते ४ मध्ये येते आणि जेट त्याहूनही मऊ असू शकते. सगळे एकाच वेळी घासले की मऊ दगड जास्त झिजतो आणि शेजाऱ्याच्या खाली जातो. कच्च्या हाताच्या कामात पोवळ्याच्या जागी उथळ खळगा राहतो. पक्का कारागीर दाब आणि घासकागदाची बारीकता बदलत हा फरक राहू देत नाही. म्हणून डोळे मिटून नख पृष्ठावरून आडवे फिरवावे. सपाट इनलेमध्ये नख कुठेही अडता कामा नये. कोबलस्टोन इनलेमध्ये प्रत्येक खडा मुद्दाम वेगळा फुगीर ठेवलेला असतो, तिथे ही कसोटी लागू नाही. तिथे प्रत्येक खड्याची झिलई कडेपर्यंत पोहोचली आहे का, ते पाहावे. आणि १९७०च्या दशकात टॉमी सिंगर यांच्यामुळे लोकप्रिय झालेल्या चिप इनलेमध्ये तर दगडाचा चुराच राळेत बसवलेला असतो. ते वेगळे काम आहे, त्याला तुकडे जुळवण्याच्या मापाने मोजू नये.

शमी (सिॲटल)

पश्चिमवारा, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

थोडा वेगळा प्रश्न विचारते. लेकीच्या लग्नात तिला कोयरीच्या आकाराचे पदक द्यावे, आणि ते नवाहो कारागिराकडून फिरोजा आणि पोवळ्याच्या इनलेमध्ये करून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. असे काम सांगणे योग्य होईल का? आणि ते संग्रहात धरले जाईल का?

निरंजनी (लंडन)

शमीताई, हेतू सुंदर आहे, पण मला हे रुचत नाही. त्या कारागिरांचे स्वतःचे रूपविश्व आहे. नवाहो परंपरेत पांढरा शिंपला, फिरोजा, ॲबलोन शिंपला आणि जेट हे चार पदार्थ चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांशी जोडलेले आहेत. पूर्वेचा ब्लांका पर्वत, दक्षिणेचा माउंट टेलर, पश्चिमेची सॅन फ्रान्सिस्को शिखरे आणि उत्तरेचा हेस्पेरस. या चारांचे एकत्र इनले पाहताना त्यामागे त्यांची भूमी असते. आपली कोयरी तिथे नेऊन त्यांच्या हाताला केवळ मजुरीचे काम देणे मला बरोबर वाटत नाही.

पश्चिमवारा

निरंजनी, चार पर्वतांविषयी लिहिलेत ते अगदी खरे आहे. पण गिऱ्हाइकाने सांगितलेले काम करणे या कारागिरांना नवे नाही. रेल्वेमार्गावर हॉटेले चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने १८९९ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलक्या वजनाचे दागिने मागवायला सुरुवात केली, तेव्हापासून बाहेरची मागणी या कलेला वळण देत आली आहे. त्या वेळी अटी व्यापाऱ्याच्या होत्या. आज कारागीर स्वतः अटी ठरवतो, नको असेल तर नाही म्हणतो. शमीताईंनी सरळ विचारावे. आकार कोयरीचा सांगावा आणि आतली रचना त्याच्यावर सोपवावी. मात्र येई देवतांसारख्या धार्मिक आकृती आपण होऊन मागू नयेत. त्या कराव्यात की नाही, यावर नवाहोंमध्येच मतभेद आहेत.

निरंजनी

रचना कारागिरावर सोपवणार असतील, तर माझा विरोध नाही. दुकानात चिठ्ठीवर छापलेले 'या चिन्हाचा अर्थ' मात्र कोणी संग्रहाच्या नोंदीत उतरवून घेऊ नयेत. अर्थ विचारायचा असेल तर ज्याने वस्तू केली त्याला विचारावा आणि त्याने न सांगितल्यास आग्रह धरू नये.

शमी

दोघांचेही आभार. पोवळ्याऐवजी स्पायनी ऑयस्टर हा नारिंगी-लाल शिंपला सुचवला तर चालेल ना? भूमध्य समुद्रातून पोवळी काढण्याविषयी मनात शंका आहे.

भूस्तर

चालेल, आणि चांगले दिसेल. हा शिंपला पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून या प्रदेशात फार प्राचीन काळापासून येतो आहे, त्यामुळे तो पर्याय म्हणून कमअस्सल ठरत नाही. नारिंगीपासून जांभळ्यापर्यंत छटा मिळतात, त्यांपैकी कोणती हवी ते समोर ठेवून निवडा.

गोदाकाठ

एवढ्या तपशिलात कोणी लिहील, अशी अपेक्षा नव्हती. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

माझ्याकडच्या वस्तू काल रात्री टेबलावर मांडून, आधी पाठ आणि मग नख, या क्रमाने पाहिल्या. स्लीपिंग ब्यूटी खड्याच्या दोन अंगठ्या रंगाने सारख्याच देखण्या आहेत, पण एकीच्या सांध्यात काळसर राळ भरून फटी बुजवल्या आहेत आणि दुसरीत राळेची रेषासुद्धा दिसत नाही. खाणीनुसार लावल्या असत्या तर त्या शेजारी शेजारी बसल्या असत्या, आणि ते मला आता पटत नाही. म्हणून संग्रह कारागिरांभोवती करायचे ठरवले आहे. आज काम करणाऱ्या थोड्या नवाहो इनले कारागिरांची प्रत्येकी एखादीच वस्तू, शक्यतो त्यांच्याकडूनच घेतलेली. खाणीचा मुद्दा मी सोडलेला नाही, तो प्रत्येक वस्तूच्या नोंदीत येईल. आता कारागिरांना प्रत्यक्ष भेटायचे कुठे, एवढे सांगा.

पश्चिमवारा

तुम्ही टेंपीत आहात, म्हणजे फीनिक्सचे हर्ड संग्रहालय जवळच आहे. त्यांचा इंडियन फेअर अँड मार्केट दर वर्षी मार्चमध्ये भरतो. ऑगस्टमध्ये सांता फे इंडियन मार्केट असते, त्याची सुरुवात १९२२ ची. दोन्हीकडे कारागीर स्वतः बसलेले असतात. गर्दी नको असेल तर सांता फे येथेच पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओवरीत जावे. तिथे बसणाऱ्यांनी स्वतः किंवा आपल्या कुटुंबाने केलेल्या वस्तूच विकायच्या, असा नियम आहे. नवाहोंची राजधानी असलेल्या विंडो रॉकला नवाहो आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइझ ही नवाहो नेशनची, म्हणजे नवाहोंच्या स्वशासनाची, स्वतःची संस्था आहे. सांता फेच्या व्हीलराइट संग्रहालयातील दागिन्यांचे दालन खरेदीच्या आधी पाहावे, म्हणजे नजर तयार होते.

मेळ्यात पहिल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा, चांगली वस्तू दुपारपर्यंत राहत नाही. घासाघीस करू नका. कारागीर मोकळा असेल तर चांदीचे घर कोणी केले, दगड कोणी कापले, खडा राळ मुरवलेला आहे का, हे विचारा. स्वतः काम करणारा माणूस या प्रश्नांनी खूश होतो.

वाचस्पती

आणि उत्तरे तिथल्या तिथे पावतीवर लिहून, कारागिराची सही घ्या. वस्तूच्या पुढच्या बाजूचे जसे छायाचित्र काढाल, तसे पाठीचेही काढा. विमा उतरवताना तेच मागतात.

ताम्हण

गोदाकाठ, मार्चमध्ये मीही फीनिक्सला येणार आहे. नैसर्गिक खड्याचा माझा हट्ट कायम आहे. भिंग दोन आणते, एक तुमच्यासाठी.